कुडलचा शिलालेख खडूने नव्हे, तिरप्या उजेडात वाचावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने भाषेच्या वयाची चर्चा निघाली की दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलचे नाव हमखास येते. भीमा आणि सीना यांच्या संगमावरचे संगमेश्वर मंदिर, तिथल्या दगडी तुळईवरचा शके ९४० म्हणजे इ. स. १०१८ चा लेख आणि त्यातले ‘वाछि तो विजेयां होइवा’ हे शब्द आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहेत. सहली निघतात, आणि निघाव्यातच. पण हे स्थळ पाहायचे कसे, हे कोणी सांगत नाही. तिथे जाऊन काय करावे, काय टाळावे आणि का, एवढे सांगण्यासाठी हे पत्र. जागा द्यावी ही विनंती.

सुरुवात नावापासून करावी लागते, कारण बरीच फसगत तिथेच होते. कन्नडमध्ये कूडल म्हणजे नद्या मिळतात ती जागा. म्हणजे ‘कुडल संगम’ या नावात एकच अर्थ दोन भाषांत आला आहे. साहजिकच या नावाची गावे एकाहून जास्त आहेत. मोबाइलच्या नकाशात नुसते ‘कुडल संगम’ टाकले की बऱ्याचदा कर्नाटकातले बागलकोट जिल्ह्यातले कूडलसंगम पुढे येते. ते कृष्णा आणि मलप्रभेच्या संगमावरचे, महात्मा बसवेश्वरांच्या ऐक्यस्थळाचे क्षेत्र. सोलापूरहून तिकडे जाणारे भाविक पुष्कळ आहेत, पण ते विजापूरच्याही बरेच पुढे आहे. ‘कुडाळ’ टाकले तर नकाशा सिंधुदुर्गात नेतो. म्हणून शोधताना ‘हत्तरसंग’ हा शब्द सोडू नये. सोलापूरपासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. विजापूर रस्त्याने वडकबाळला सीनेचा पूल ओलांडायचा, मंद्रूपच्या पुढे गेले की मुख्य रस्ता सोडून आतल्या गावांच्या रस्त्याने संगमाकडे वळायचे. वळण चुकले तर थेट भीमेचा पूल आणि कर्नाटकाची हद्द लागते. आतल्या रस्त्यावर विचारताना ‘हत्तरसंग कुडल, संगमेश्वराचं देऊळ’ असे पूर्ण विचारावे. या पट्ट्यात निम्मी बोली कन्नड आहे. ‘संगमेश्वर गुडी’ म्हटले की कोणीही वाट दाखवते.

जाण्याचे दिवस ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४२-४३ च्या घरात जातो, फरशी अनवाणी पायाला चटका देते आणि मुले दहा मिनिटांत सावली शोधू लागतात. महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी दर्शनाला जरूर जावे, पण त्या गर्दीत कोरीव काम पाहायचा बेत ठेवू नये. साधा वार, सकाळी आठला पोहोचून बाराच्या आत परतायचे, हा हिशेब उत्तम. खाण्याची सोय तिथे होईल असे धरून चालू नये. आपली कडक भाकरी, शेंगा चटणी आणि माणशी दोन-तीन लिटर पाणी बरोबर असले की झाले. तेलकट पुड्या मंदिराच्या ओट्यावर उघडू नयेत. दगडात मुरलेला तेलाचा डाग पाण्याने जात नाही आणि त्यावर धूळ कायमची बसते.

पावसाळ्यात दोन नद्यांचा हिशेब वेगवेगळा ठेवावा लागतो. भीमेचे पाणी उजनीच्या विसर्गावर असते. धरण भरले आणि दरवाजे उघडले की आपल्याकडे थेंब पडलेला नसतानाही पात्र फुगते. सीना मात्र वरच्या भागातल्या पावसावर एका रात्रीत चढते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिने काय रूप दाखवले, ते सोलापूरकरांना सांगायला नको. निघण्याआधी उजनीचा विसर्ग किती क्युसेक आहे आणि विजापूर रस्ता सुरू आहे का, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. पाणी उतरलेले असतानाही संगमावर पोहायला उतरू नये. दोन प्रवाह मिळतात तिथे वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली ओढ असते, आणि वाळू उपशामुळे नदीच्या तळाला खोल खड्डे पडलेले असू शकतात. गुडघाभर पाण्यातून पुढचे पाऊल डोक्यावर पाण्यात जाते. शाळेची सहल असेल तर काठावर शिक्षक उभा करूनच मुलांना नदी दाखवावी.

आता मुख्य गोष्ट, शिलालेख. सोलापूरचे कोरीव लेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. लेख तुळईवर आहे, म्हणजे डोक्याच्या वर. तो शिळेसारखा समोर उभा नाही, हे बहुतेकांना तिथे गेल्यावर कळते. मान वर करून पाहिले की काळ्या दगडावर काळ्याच रेघा. मग कोणीतरी फ्लॅश मारून फोटो काढतो आणि त्यात अक्षरे आणखीच सपाट होतात. कारण साधे आहे. कोरलेले अक्षर म्हणजे उथळ चर. समोरून पडणारा उजेड चराच्या तळाला आणि काठाला सारखाच लागतो, सावली पडत नाही आणि अक्षर नाहीसे होते.

म्हणून फ्लॅश बंद करावा. एकाने विजेरी किंवा मोबाइलचा दिवा तुळईच्या पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवल्यासारखा, जेमतेम १० ते १५ अंशांच्या कोनात धरावा. दगडाला स्पर्श नको. दुसऱ्याने समोरून पाहावे. चराचा एक काठ उजळतो, दुसरा सावलीत जातो आणि अक्षर उभे राहते. मग दिवा हळूहळू फिरवावा, आधी डावीकडून, मग वरून, मग उजवीकडून. हे फिरवणे महत्त्वाचे, कारण उभी रेघ बाजूच्या उजेडात दिसते आणि आडवी रेघ वरच्या किंवा खालच्या उजेडात. एकाच बाजूने पाहिले तर काना दिसतो आणि शिरोरेघ हरवते. दिव्याच्या प्रत्येक जागेला एक फोटो घ्यावा, मोबाइल हलू नये म्हणून खांबाला टेकवावा, हवा तर हातरुमाल मध्ये धरावा. घरी आल्यावर फोटो काळा-पांढरा करून काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवला की आणखी चार अक्षरे सापडतात. सगळ्यांत आधी आकडा शोधावा. ९, ४ आणि ० सापडले की ओळीची दिशा आणि अक्षराचा आकार डोळ्यात बसतो, पुढचे वाचणे सोपे जाते. हजार वर्षांपूर्वीच्या नागरीतली काही वळणे आजच्यासारखीच आहेत, काही अजिबात नाहीत. मुलांना वहीत पेन्सिलीने जसे दिसते तसे उतरवून घ्यायला सांगावे. ‘वाछि’ या शब्दात आजच्या ‘वाचि’तला च नसून छ आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले तर ते कायम लक्षात राहते. जो वाचील तो विजयी होईल, असा त्या शब्दांचा अर्थ लावला जातो.

लेखातला काळ पडताळून पाहण्याची एक सोपी रीत आहे. ती वर्गात फळ्यावर करून दाखवावी. शके ९४० सोबत लेखात कालयुक्त संवत्सर दिले आहे. आपल्याकडची साठ संवत्सरे प्रभवापासून मोजतात. शकाच्या आकड्यात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचे. ९४० अधिक १२ म्हणजे ९५२, बाकी उरते ५२, आणि प्रभवापासून बावन्नावे संवत्सर कालयुक्तच आहे. आकडा आणि नाव एकमेकांना दुजोरा देतात. एखादा आकडा झिजला असेल किंवा कोणी तो चुकीचा वाचला असेल, तर संवत्सराच्या नावाने चूक पकडता येते. शकात ७८ मिळवले की इसवी सन १०१८ येतो. तेव्हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला दुसरा जयसिंह गादीवर होता.

हा मराठीतला पहिलाच शिलालेख असे ठासून सांगण्याची मात्र गरज नाही. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचे वाचन शके ९३४ असे केले गेले आहे आणि त्यावर मतभेदही आहेत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेल्या ‘श्री चावुंडराजे करवियले’ या ओळीच्या काळाबद्दलही वाद आहे. काळ स्वच्छ सांगणारे जे थोडे जुने मराठी लेख आहेत त्यांत कुडलचा लेख अगदी वरच्या ओळीत आहे, एवढे म्हटले तरी त्याचे मोल कमी होत नाही. सोलापूर जिल्ह्यात जुने कन्नड आणि संस्कृत लेखही मोठ्या संख्येने आहेत. अशा प्रदेशात कोणाला मराठीत ओळ कोरावीशी वाटली, हे आम्हाला पहिल्या-दुसऱ्याच्या वादापेक्षा मोठे वाटते.

शिलालेख दिसला की त्यावर खडू, रांगोळी, पीठ किंवा भंडारा चोळायची सवय महाराष्ट्रभर आहे. ही सवय कुडलला कोणी नेऊ नये. चोळल्यावर अक्षर पांढरे दिसते खरे, पण चुकीचे दिसते. पीठ चरात बसते तसे छिन्नीच्या ओरखड्यात, दगडाच्या तड्यात आणि भोकातही बसते. तडा काना होतो, भोक अनुस्वार होते, आणि तो फोटो पाहून कोणीतरी नवाच शब्द वाचतो. शिवाय चोळणारा बोट किंवा फडके अक्षराच्या काठावरून फिरवतो. हजार वर्षांच्या अक्षराचा काठ आधीच गोलावलेला असतो, तो दरवेळी थोडा आणखी झिजतो. भंडाऱ्यात नाहीतर पिठात ओल धरली की बुरशी येते. ती काढायला कोणी तारेचा ब्रश घेतला तर सगळेच संपते. केरोसीन, साबण, पाणी मारून घासणे हेही त्याच मालिकेतले. लेखाचा शाईचा ठसा घेण्याची रीत वेगळी आहे. त्यात ओला कागद दगडावर बसवून ब्रशने ठोकतात आणि वरून बोळ्याने शाई लावतात. ते काम परवानगी असलेल्या जाणकारांनीच करावे. डोक्यावरच्या तुळईवर तर हौशी हाताने ते होतच नाही, कागद निसटतो आणि शाई दगडाला लागते. हौशी माणसाला आज त्याहून चांगला मार्ग आहे. एकमेकांवर ६०-७० टक्के येतील असे वीस-तीस फोटो सरळ रांगेत घ्यावेत. त्यावरून संगणकावर लेखाचे खोलीसह चित्र तयार करता येते आणि उजेड हव्या त्या बाजूने पाडून वाचता येतो.

संगमेश्वराजवळच हरिहरेश्वराचे मंदिर आहे. हे मातीच्या ढिगाखाली गेले होते, गेल्या शतकाच्या अखेरीस ते मोकळे झाले. नावातच हरी आणि हर दोन्ही आहेत. इथल्या स्वर्गमंडपात उभे राहून बरेच जण हळहळतात की छत कोसळले. स्वर्गमंडपाचा मधला भाग मुळातच आकाशाला उघडा ठेवतात. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वरासमोर ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना हे लगेच उमगेल. तेव्हा त्यावर पत्रा किंवा स्लॅब टाकण्याची सूचना कृपया कोणी करू नये. पाहताना क्रम ठेवावा. बाहेरून एक फेरी मारून जोत्याचे थर पाहावेत, मग एखादा खांब निवडून तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड, मधला स्तंभ, वरचे हस्त म्हणजे तुळईला आधार देणारे दगड आणि त्यावर टेकलेली तुळई असे खालून वर नजर नेत जावे. दाराशी उंबरठा, द्वारशाखा म्हणजे चौकटीच्या उभ्या कोरीव पट्ट्या आणि चौकटीच्या माथ्यावरचे ललाटबिंब म्हणजे मधोमध कोरलेली मूर्ती. एका खांबाला पाच मिनिटे दिली तर बाकीचे खांब आपोआप कळतात. या बांधकामात दगडावर दगड नुसत्या घडाईवर आणि वजनावर बसवले आहेत. म्हणून सुट्या दिसणाऱ्या दगडावर चढणे, तुळईला लोंबकळून फोटो काढणे हे माणसालाही धोक्याचे आणि वास्तूलाही.

आणखी एक. घर व्हावे म्हणून देवाच्या ठिकाणी दगडावर दगड रचून छोटी उतरंड करायची रूढी आपल्याकडे आहे. श्रद्धेला आमचा विरोध नाही, पण पडलेल्या मंदिरात हे करू नये. निखळलेला दगड ज्या जागी पडला आहे, त्यावरून तो कुठल्या भिंतीतून, कुठल्या थरातून आला हे कळते. तो हलवला की पुढे मंदिर जुळवणाऱ्याच्या हातातला धागा तुटतो. मनातली इच्छा हात जोडूनही सांगता येते.

याच परिसरात सापडलेले बहुमुखी शिवलिंग पाहायला तर लोक लांबून येतात. त्यावर ३५९ मुखे आहेत, आणि मूळ लिंग धरून ३६० असे सांगतात. मोजायची असतील तर एका आडव्या रांगेतले ओळखीचे मुख धरून रांग पूर्ण करावी आणि मगच खालच्या रांगेला जावे. नजर तिरपी गेली की हिशेब चुकतो. बोट लावून मोजू नये. या लिंगावर दूध, तूप, मध वाहू नये, असे आम्हाला मनापासून वाटते. मुखे लहान आहेत. तूप डोळ्यांच्या खाचेत, नाकाच्या कडेला जाऊन बसते, त्यावर धूळ चिकटते, वर काळा थर धरतो आणि काही वर्षांत चेहरे ओळखू येईनासे होतात. मग कोणी सेवेच्या भावनेने लिंबू नाहीतर चिंच लावून काथ्याने घासतो. आपला दगड काळा बेसाल्ट. त्यात पांढरे ठिपके दिसतात, त्यांतले काही चुनखडीच्या जातीचे असतात. आंबटाने ते विरघळतात आणि नाकाच्या जागी खळगा राहतो. बेलाचे एक पान आणि नमस्कार, एवढ्यात अभिषेकाचे पुण्य मानावे.

‘एवढे जुने देऊळ पडके का ठेवायचे, नवे शिखर बांधून टाका’ असा सूर अधूनमधून निघतो. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने ख्रिस्ती मठ बंद केले तेव्हा शेकडो मठ उघडे पडले. यॉर्कशायरमधले फाउंटन्स ॲबी हा ११३२ मध्ये स्थापन झालेला मठ १५३९ मध्ये बंद झाला. आज तो बिनछपराचाच जपला आहे, आणि १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथे कोणी नवे छप्पर चढवले नाही, भिंती आहेत तशा पक्क्या ठेवल्या. मात्र तिकडचे सगळे जसेच्या तसे इकडे आणू नये. तिकडच्या काही भग्न मठांच्या भिंतींच्या माथ्यावर पाणी मुरू नये म्हणून हिरवळीचा थर लावतात. आपल्याकडे माथ्यावर माती ठेवली तर पहिल्याच पावसात पिंपळ उगवेल. पाखराच्या विष्ठेतून बी पडते, मूळ सांध्यात शिरते आणि जाड होताना दगड बाजूला सारते. असे रोप दिसले तरी हाताने उपटू नये. मुळाबरोबर सांध्यातला दगडही सुटतो. फोटो काढून, जागा नोंदवून संबंधितांना कळवावे, म्हणजे ते बुंध्याशी कापून मुळाचा बंदोबस्त करता येतो.

सिमेंटबद्दलही तेच. कोरड्या सांध्यातून आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट असते. सांधे सिमेंटने बुजवले की ती वाट बंद होते, ओल दगडातच राहते, सिमेंटमधले क्षार वर येऊन साखळतात आणि कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात. ऑइलपेंटही दगडाला असाच कोंडतो. आणि तो काढण्यासाठी वाळूचा फवारा मारला तर रंगासोबत छिन्नीच्या खुणाही जातात, ज्यांवरून कारागिराचा हात ओळखता येतो.

संबंधितांना आमच्या थोड्याच मागण्या आहेत. शिलालेखाच्या जवळ, पण मंदिराच्या दगडाला खिळा न मारता, डोळ्यांच्या उंचीवर लेखाचे खऱ्या मापाचे, तिरप्या उजेडात घेतलेले छायाचित्र लावावे. त्याखाली अक्षराखाली अक्षर येईल असे आजच्या देवनागरीतले वाचन आणि अर्थ द्यावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. हाताने चाचपायची हौस भागावी आणि दृष्टिहीन वाचकांनाही लेख कळावा म्हणून लेखाची उठावाची प्रतिकृती बाजूला ठेवावी. तुळईच्या खाली बाजूने पडणारा, उष्णता न देणारा एक लहान दिवा बसवला तर खडू खिशातून काढायचे कारणच उरणार नाही. विजापूर रस्त्याच्या वळणावर ‘हत्तरसंग कुडल, संगमेश्वर’ असे पूर्ण नाव आणि अंतर लिहिलेला फलक असावा. पूरपातळीची खूण काठावर रंगवावी, मंदिराच्या भिंतीवर नाही. आणि जिल्ह्यातल्या शाळांनी सहलीच्या सामानात डब्याबरोबर एक विजेरी, पेन्सिल आणि कोरी वही सक्तीची करावी.

आपले,
कोरीव लेखांचे काही अभ्यासक वाचक
सोलापूर